सगुणाआत्यानं अडवलेलं वऱ्हाड

सगुणाआत्याच्या अंगणात पाऊल टाकायचं तर आधी खोकून दाखवावं लागे. पाहुणा असो, भाजीचा व्यापारी असो, नाहीतर पंचनाम्याला आलेला तलाठी असो, तो कुंपणाच्या तोंडाशी आला की ओट्यावरून आवाज येई, "थांब तितंच! आदी खोकून दाव."

माणूस बिचारा खोटंखोटं खोकायचा. कलिंगड वाजवून बघताना आपण ऐकतो ना, तशी आत्या मान तिरकी करून ऐकायची आणि निकाल द्यायची. "कोरडा हाय, ये." किंवा "वला हाय, मागं फिर." तलाठ्याला तर तिनं तोंडावर सांगितलं, "तुझा खोकला लबाड हाय. पर ये."

बारामतीजवळच्या जळोचीत आमचा मळा आणि आत्याच्या भावाचा मळा बांधाला बांध लागून. विहीर एकच. त्यामुळं आत्याचा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस कधी उगवला नाही, आणि तो आवाज कधी रागाशिवाय निघाला नाही. बारामतीच्या बाजाराला ती माझ्याच बैलगाडीतून यायची. वांग्याच्या पाटीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याचा उद्धार करायची. कोणी उघड्या तोंडानं शिंकला की ओरडायची, "तोंड हाय का मोट? पदर न्हाय तर धोतराचा सोगा लाव की मेल्या!" एकदा तिची स्वतःची शेळी शिंकली. तिला तिनं पार टोकाच्या बांधावर नेऊन बांधलं आणि "निज आता गप" म्हणून दम भरला. शेळी काही निजली नाही. मग शेळीवरही राग.

आम्ही हसायचो. पण तिच्या भावासमोर, ज्ञानूतात्यासमोर, कोणी हसत नसे. कारण त्याला ठाऊक होतं. अठरा सालच्या तापाच्या, मानमोडीच्या साथीत आत्याचा नवरा गेला. अंगात ताप असताना घरच्यांनी त्याला उठवून भावाच्या लग्नात नाचायला लावलं होतं. "नवरदेवाचा भाऊ निजून कसा राहील?" म्हणे. आत्या तेव्हा नुकती नांदायला गेलेली पोर. पांढऱ्या कपाळानं ती माहेरी परत आली ती कायमची. पुढं तात्याची बायको बाळंतपणात गेली, आणि तान्ही शेवंता आत्याच्याच मांडीवर वाढली.

सत्तावन्न साली उन्हाळ्याच्या अखेरीला फ्लू आला. आमच्याकडं त्याला 'फुलू' म्हणायचे. बारामतीच्या बाजारात निम्मी दुकानं बंद दिसायला लागली. डॉक्टर सांगायचे, आजाऱ्याला वेगळं निजवा, पाणी भरपूर पाजा, अंगातला ताप गेल्याशिवाय उठू देऊ नका. आत्या म्हणाली, "ह्ये मी तीस-चाळीस वरीस बोंबलतीया!"

मला ताप भरला तेव्हा तिनं मला माझ्याच गोठ्यात निजवलं. नाकाला पदर बांधून पेजेचं भांडं आणायची आणि दारात ठेवून ओरडायची, "पी समदी! उठलास तर तंगडं मोडीन!" माझं भांडं वेगळं. ते राखेनं घासून उकळत्या पाण्यात टाकायची. बैलांना मात्र या साऱ्याचा फार त्रास झाला.

मी बरा होतोय तोवर शेवंताच्या लग्नाची तारीख आली. मुलगा भवानीनगरचा, साखर कारखान्यात नोकरीला. तिकडून निरोप आला: घरात बरीच मंडळी तापानं पडली आहेत, पण मुहूर्त गाठतो, काळजी नसावी.

आत्या तडक तात्यासमोर उभी राहिली. "लगीन फुडं ढकल."

"मांडव पडलाय. बुंदी पाडलीया. ज्येष्ठ सरला की फुडं मुहूर्त कुठं हाय?" तात्या म्हणाला.

"बुंदी कुत्र्याला घाल. ती मानसं तापली हायत."

"नवरदेव तर खणखणीत हाय ना?"

"आज हाय!"

तात्याचाही तोल सुटला. "तू बोलू नगंस. लग्नकार्यात तुजं काय काम?"

आत्या वळली आणि ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवशी आलेल्या कोणालाही तिनं खोकायला लावलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही चारचौघं तात्याबरोबर कालव्याच्या पुलाशी वऱ्हाडाला सामोरे गेलो. वाजंत्री वाजत होती. बैलगाड्या पुलावर चढल्या, आणि आमच्या मागून कुठून तरी येऊन आत्या थेट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"ओ बाई, बाजूला व्हा!" गाडीवान ओरडला.

आत्यानं पदर मागं सारला. "बघा, समद्यांनी नीट बघा. कपाळाला कुकू न्हाय. रंडकी बाई हाय मी. मला वलांडून लग्नाला जायाचं आसंल, तर हाका गाडी!"

वाजंत्री थांबली. पहिल्या गाडीतल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. नवरदेवाचा बाप गाडीत उभा राहिला. चेहरा लालभडक, रागानं की तापानं ते कळत नव्हतं.

"तात्या, ह्यो काय परकार हाय? आमास्नी बोलवून आसा आपमान..." एवढं बोलला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. मागच्या गाडीतून कोणी तरी साथ दिली, त्याच्या मागच्या गाडीतून आणखी दोघांनी. वाजंत्र्यांनी सोडलेलं काम वऱ्हाडानं हाती घेतलं. व्याही गाडीच्या दांडीवर वाकला आणि पोरांनी त्याला धरून बसवलं.

"सगुणे, हाट मागं!" तात्या ओरडला. "माज्या लेकीचं वाटुळं करतीस?"

"ती माजी बी लेक हाय!" आत्याचा आवाज असा फुटला की बैल बिचकले. "आज खोकत हळद लावत्याल, एका ताटात जेवत्याल. तिच्या कपाळी माजं कपाळ यावं का? सांग! यावं का?"



वऱ्हाडातली एक म्हातारी, नवरदेवाची आजी, हात जोडून म्हणाली, "गाड्या वळवा रं. मोटा अपशकून झाला." तापाला कोणी भ्यालं नव्हतं. आत्याच्या कपाळाला भ्यालं.

पण व्याह्याला गाडीत बसवेना, परत नेणार कसा? कालव्याकाठच्या चिंचांखाली वऱ्हाड उतरलं, आणि मग आत्याच्या रागाला खरी धार चढली. लग्नाच्या हंड्यात तिनं पाणी उकळायला ठेवलं. दोन गाड्यांच्या मधे लुगडी बांधून आडोसे केले. खोकणारे इकडं, बिनखोकणारे तिकडं. "निजा! लगीन जमलं न्हाय तर ताप तरी नीट काढा!" दुसऱ्याच दिवशी नवरदेवही फणफणला. त्याच्याकडं बोट दाखवून ती तात्याला म्हणाली, "खणखणीत हाय न्हवं?" तात्यानं तोंड फिरवलं.

व्याह्याचं दुखणं फार वाढलं होतं. त्याच्या उशाशी आत्या स्वतः बसली, नाकाला पदर बांधून. चमच्यानं पेज भरवायची आणि शिव्या घालायची. "गिळा! मेलात तर माज्याच नावानं बोंब हुईल." तो बिचारा भीतीनं गिळायचा. बुंदी मात्र आम्ही गावकऱ्यांनी संपवली, वाया कशाला घालवायची.

मंडळी बरी होऊन परत गेली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं.

आणि आता मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. व्याही सगळीकडं सांगत फिरायचा, "बाईंनी जीव वाचवला." पण मांडवाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची जाणती माणसं बसली आणि ठरलं, की उपकार झाले ते खरे, पण एकदा अपशकुन झालाय, पुन्हा नको, आत्यानं मांडवात येऊ नये. त्यातल्या निम्म्यांनी तिच्या हातची पेज प्यायली होती. मी तात्याला म्हणालो, "तुला कायतरी वाटतं का?" त्यानं मान खाली घातली. व्याह्यानंही घातली.

आत्याला सांगायला गेलो तर ती माझ्यावरच उखडली. "मला कशाला सांगतुयास? मी येनारच न्हवते. मेथी काढायची ऱ्हायलीया."

मंगलाष्टकं सुरू झाली. मला काही मांडवात उभं राहवेना. मी मागच्या अंगानं मळ्यात गेलो.

आत्या मेथीच्या वाफ्यात उभी होती. खुरपं बाजूला पडलेलं. मेथीची एक काडीही काढली नव्हती. मांडवातून भटजींचा "सावधान" ऐकू आला, तसा तिचा हात लुगड्याच्या ओच्यात गेला आणि तिनं मांडवाच्या दिशेनं मूठ उधळली. तांदूळ. हळदीकुंकवात रंगवलेले. वाऱ्यानं ते थोडे पुढं गेले आणि हिरव्या मेथीवर पडले. तिचे ओठ हलत होते. पुन्हा "सावधान" झालं, पुन्हा तिनं मूठ भरली.

वाजंत्री एकदम जोरात वाजली तेव्हा तिनं ओचा झटकला, वळली आणि मला पाहिलं.

"काय बघतुयास?" ती खेकसली. "पाखरास्नी टाकतीया."

साऱ्या वाफ्यात एकही पाखरू नव्हतं.

"व्हय आत्या," मी म्हणालो, आणि खाली बसून तिच्याबरोबर मेथी काढू लागलो.