तेरा अंश, अंधार, आडव्या

उत्तमराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढतात. तापाचं नव्हे, हवेचं. दारातच मिनिटभर ते धरून उभे राहतात आणि मग घरमालकाला सांगतात, "तुमच्या हॉलमध्ये तेहतीस आहे." जसं काही आम्ही ते मुद्दाम ठेवलंय. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरानवरीच्या मधोमध थर्मामीटर धरलं होतं. फोटोत आहे. व्याह्यांना वाटलं ही आमच्याकडची काही रीत असावी, म्हणून तेही हात जोडून उभे राहिले.

हे माझे साडू. बायको बघून करता येते, साडू मात्र न बघता पदरात पडतो.

आमची दोन्ही घरं मूळची नांदेडकडची, दोघांच्याही वडलांनी नोकरीसाठी हैदराबाद धरलं. मी विजेच्या खात्यात होतो. उत्तमराव तेहतीस वर्षं सरकारी लसींच्या भांडारात. लस दोन ते आठ अंशांतच ठेवायची, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तापमान रजिस्टरात लिहायचं, हा त्यांचा धर्म. पोटच्या पोरीच्या नामकरणातून उठून हा माणूस पाचची नोंद करायला गेला होता. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच: "करंट गेला तर किती तास?" म्हणजे वीज गेल्यावर आतला गारवा किती तास टिकेल. फ्रिज असो, आइस्क्रीमची गाडी असो. आणि विचारताना बघणार माझ्याकडे, जसा शहरातला प्रत्येक करंट मीच घरी घेऊन जातो.

मी म्हणायचो, "अहो, आता नाही जात करंट."

"गेला तर?"

तर अशा माणसाच्या घरी वाइन आली. आता हे नीट ऐका, कारण उत्तमराव पंचशील पाळणारे. नुसते विहारात म्हणणारे नव्हेत, पाळणारे. पाचवं शील म्हणजे मद्य शिवायचं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचंही वाचून बघणारा माणूस. त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा अन्नतंत्राचं शिकली आणि नाशिककडे वाइनच्या कारखान्यात लागली. उत्तमराव एवढंच म्हणाले, "दारू गाळायलाच शिकवलं का तुला?" पोरगी बापाचीच. बॅग भरली आणि गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला, म्हणजे माझ्या मेहुणीला, नलूअक्काला. फोन आला की उत्तमराव खोलीतून उठून जायचे आणि दाराआड उभे राहायचे. अक्का मुद्दाम मोठ्याने बोलायची.

असं तीन वर्षं चाललं. मग एक खोकं आलं. आत बारा बाटल्या आणि आईच्या नावे चिठ्ठी: या मी स्वतः केलेल्या पहिल्या बाटल्या. तेरा अंश, अंधार, आडव्या ठेवायच्या. दोन वर्षांनी मी येऊन उघडते.

मला वाटलं, बाटल्या मोरीत जाणार. उत्तमरावांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "साठवणुकीची सूचना लेखी आली आहे. ती पाळावी लागेल."

"आणि पाचवं शील?"

"ठेवणं म्हणजे पिणं नव्हे. गोवराची लस मी तेहतीस वर्षं ठेवली, टोचून घेतली का?"

इथून माझे हाल सुरू झाले. बारा बाटल्यांसाठी छोटं काचेच्या दाराचं कपाट मिळतं, तसला फ्रिजच. आणायचं, भिंतीशी लावायचं, विषय संपला. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लस माठात ठेवा म्हणालो. "साडू, दार उघडलं की गारवा गेला. करंट गेला तर चाळीस मिनिटं. खोलीच करावी लागेल." आणि विद्यानगरच्या त्या घरात अक्काची लोणच्या-पापडाची जी सामानाची खोली होती, ती त्यांनी रिकामी करायला घेतली. सुताराला बोलावून साठ बाटल्यांची मांडणी करून घेतली. साठ. मी म्हटलं, अहो बाटल्या बारा आहेत. म्हणाले, "दरवर्षी बारा, पाच वर्षांच्या. पुढचं खोकं आलं की ऐनवेळी कुठे ठेवायचं?"

मग त्या खोलीसाठी यंत्र निवडायचं. आठ महिने. मी निवृत्त, माझ्याकडे गाडी, आणि बायको म्हणते, "दाजींना नाही म्हणू नका." अफझलगंजपासून सिकंदराबादपर्यंत गार हवा विकणाऱ्या एकाही दुकानाची पायरी आम्ही सोडली नाही. साधा एसी नको, कारण तो सोळाच्या खाली जात नाही आणि हवा कोरडी करतो. हवा कोरडी झाली की बूच आकसतं, आत वारा शिरतो. हे त्यांनीच एसी विकणाऱ्याला अर्धा तास समजावून सांगितलं. भिंतीत बसवायचं यंत्र नको, कारण त्याचा गरम झोत मागच्या बाजूच्या कढीपत्त्यावर येणार. शेवटी ज्याचं गार अंग आत, गरम अंग गच्चीवर आणि जे हवेतला ओलावाही सांभाळतं, असं एक यंत्र त्यांच्या मनात भरलं. आता घ्यायचं की नाही? नाही. तपासणी.

त्या शोरूमचा विक्रेता मोठा अदबशीर माणूस. "साब, कित्ते बॉटलां हैं आपके?"

"बारा."

"बारा सौ?"

"बारा."

त्याने हातातलं पेन खिशात ठेवलं. "आपकू कौनसी वाइन पसंद है, साब?"

"हम पीते नहीं."

"तो मेहमानां के वास्ते?"

"वो भी नहीं पीते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग उत्तमरावांनी त्याला नमुन्याच्या खोलीचं बटण बंद करायला लावलं, आत थर्मामीटर टांगलं, दार लावून घेतलं आणि काचेसमोर खुर्ची टाकून बसले. करंट गेला तर किती तास, ते कागदावरचं नको, डोळ्यांनी बघायचं. चार तास आम्ही तिथे बसलो. दर पंधरा मिनिटांनी नोंद. त्या बिचाऱ्याने तीनदा चहा पाजला. शेवटी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "साब, नक्को लेव, लेकिन घर जाव." त्याच्याइतकं माझ्या मनातलं आजवर कुणी बोललेलं नाही.

त्या आठ महिन्यांत बाटल्या कुठे होत्या? उत्तमरावांच्या पलंगाखाली. बेडरूमचा एसी सोळावर, अहोरात्र, खिडक्यांना जाड पडदे, बाटल्यांभोवती ओली गोणपाटं. भर मे महिन्यात अक्का दोन रजया घेऊन झोपायची. मला म्हणाली, "माणूस गेल्यावर बर्फावर ठेवतात. मला जित्तेपणीच ठेवलंय यांनी." उत्तमरावांना मात्र खंत वेगळीच, की तीन अंश जास्त आहेत.

अखेर तेच यंत्र घेतलं. भिंतींना चार इंच थर्माकोल, दाराला रबरी पट्टी, इन्व्हर्टर, दिवा नाही. बाटल्या आडव्या झाल्या आणि दाराशी नवं रजिस्टर टांगलं गेलं. तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेरा आणि शेवटचा रकाना तपासणी अधिकाऱ्याच्या सहीचा. मला वाटलं, सुटलो.

चौदा महिने खरोखरच सुटलो होतो. दुसऱ्या वर्षी खोकं आलं नाही. उत्तमराव अठ्ठेचाळीस रिकाम्या खणांवरची धूळ तेवढी पुसत राहिले. मी एकदा म्हटलं, पहिल्या बाटल्या पोचल्याचं तुम्ही कळवलंत का तिला? म्हणाले, "नलूने कळवलं असेल."

मग एका सोमवारी मी सहज गेलो, तर उत्तमराव खोलीत. एकेक बाटली उचलून गदागदा हलवतायत, खाली ठेवून बॅटरीच्या उजेडात डोळे लावून बघतायत.

"हे काय?"

"शेक टेस्ट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी."

काही लसी चुकून गोठल्या की बाद होतात, आणि ते नुसतं बघून कळत नाही. कुपी हलवून ठेवायची, गाळ भराभर खाली बसला तर लस टाकायची. हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी तिथल्या तिथे फोन काढला, पहिलं जे पान आलं त्यातली वरची दोन वाक्यं मोठ्याने वाचली. वाइनच्या बाटल्या निश्चल ठेवाव्यात, अजिबात हलवू नयेत. आठ महिने ज्याने मला उन्हात फिरवलं त्याला एकदा चुकीत पकडलं, याचा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

उत्तमरावांनी हातातली बाटली हळूच आडवी ठेवली. बाहेर येऊन खुर्चीत बसले. संध्याकाळी पाच वाजले तरी उठले नाहीत. पाचची नोंद मी केली. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच, असं अक्का म्हणाली.

"चौदा वेळा हलवल्या," ते म्हणाले. "गेल्या सगळ्या."

"गेल्या तर गेल्या हो. बारा बाटल्याच आहेत."

त्यांनी थर्मामीटरची डबी काढली. तिच्यात घडी केलेली ती चिठ्ठी होती. माझ्या हातात दिली. खाली एक ओळ होती, जी मला कुणी कधी वाचून दाखवली नव्हती: तापमानाचं बाबांना विचार.

"तिने एवढं एकच काम सांगितलं मला," उत्तमराव म्हणाले. "आणि ती उघडायला येणार होती. बिघडलेलं उघडायला कशाला येईल?"

माझ्या सगळ्या आनंदाची माती झाली. मी गच्चीवर जाऊन प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, माझ्या एका ओळखीच्यांकडे वाइन आहे, त्यांनी ती दर महिन्याला हलवली, तर बिघडते का? पलीकडून ती म्हणाली, "काका, बाबा शेक टेस्ट करतात का?"

मी पुन्हा म्हटलं, ओळखीचे आहेत एक.

"फोनवर नाही सांगता येणार," ती म्हणाली. "उघडून बघावं लागेल. मी येते."

पाचव्या दिवशी आली. दारात बापलेक समोरासमोर, पाच वर्षांनी. मी म्हटलं आता रडारड. उत्तमराव म्हणाले, "बॅग बाहेर ठेव. आत गरम हवा जाते." आणि तिच्या हातात रजिस्टर दिलं.

ती उभ्याउभ्या पानं उलटत राहिली. तेरा, तेरा, सव्वातेरा. शेरा: ठीक. ठीक. एका पानावर थांबली. तिथे लिहिलं होतं, ठीक, आज प्रज्ञाचा वाढदिवस. सहीचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा.

"सही कुणाची राहिली, बाबा?"

"माल ज्याचा, त्याची."

तिने एक बाटली आणली, बूच काढलं, ग्लासात घोटभर ओतली. उत्तमरावांनी बाटलीला थर्मामीटर लावलं आणि तोंड दुसरीकडे केलं. तिने घोट घेतला.

"ठीक," ती म्हणाली. मग जमिनीवर मांडी घालून तिने चौदा महिन्यांच्या सह्या केल्या, एकही दिवस न गाळता. अक्काने दोनदा चहा केला.

उत्तमरावांनी घसा साफ केला. "याची तपासणी दर किती महिन्यांनी लागते?"

प्रज्ञाने त्या रिकाम्या खणांकडे पाहिलं. "दर तीन महिन्यांनी."

"नियमच असेल तर यावंच लागेल," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

घरी येऊन मी फोनवरचं ते पान पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. खाली स्वच्छ लिहिलं होतं: चुकून हलली तर घाबरू नये, बाटली काही दिवस स्वस्थ ठेवावी, गाळ बसतो, वाइन बिघडत नाही. हे त्या धंद्यातल्या पोरीला माहीत नसेल, असं मला वाटत नाही. एका फोनचं काम होतं. मी ते पान उत्तमरावांना दाखवलेलं नाही, आणि दाखवणारही नाही.