क्लचवरचा पाय

"बाई, पाय थरथरतोय तुमचा," गाडी शिकवणारा क्लचमास्तर म्हणाला आणि ऐटीत खिडकीबाहेर पाहू लागला.

सिग्नलला उभी असलेली शिकाऊ गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलत होती. स्टिअरिंग धरून बसलेल्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पंचवीस वर्षांपूर्वी या क्लचमास्तरला चौथीत शुद्धलेखन त्यांनीच शिकवलं होतं आणि वर्गाबाहेर उभंही त्यांनीच केलं होतं. आता त्या त्याच्याकडे गाडी शिकत होत्या. आयुष्यभर गाडी चालवलेल्या त्यांच्या यजमानांची नजर अधू झाली होती, घरची गाडी महिनोन्महिने झाकून पडली होती. यजमानांना शेजारी बसवून एकदा तरी लांब फिरवून आणायचं, एवढंच बाईंच्या मनात होतं.

"अरे, माझा पाय मला तरी बरा दिसतोय. गाडीच हलत नसेल ना?"

ही संधी मास्तर थोडीच सोडणार! "बाई, तुम्हीच शिकवलंत. अक्षर वाकडं आलं की पेनाला नावं ठेवायची नाहीत."

बाईंनी गाडीला नावं ठेवणं सोडलं. स्वतःचा नियम स्वतःवर उलटला तरी तो पाळायचा, अशा त्या होत्या.

खरं तर मास्तरला शंका यायला हरकत नव्हती. गेले दोन महिने त्याच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा पाय थरथरत होता. चाळीस वर्षं पायानं शिलाई मशीन चालवलेल्या शिंप्याचासुद्धा! पण मास्तरचा विश्वास गाडीवर होता, माणसांवर नव्हता. तिची देखभाल तो स्वतःच्या हातानं करायचा. गॅरेजवाल्याचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

दुसऱ्या दिवशी बाई चपला सोडून बूट घालून आल्या. थरथर तशीच. मग त्यांनी व्यायाम सुरू केला. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एका पायावर शंभर आकडे मोजायचे, मग दुसऱ्या पायावर शंभर.

"फरक आहे हं," मास्तर म्हणाला. "आधी जास्त थरथरायचा." फरक काडीचाही नव्हता.

शेवटी बाई डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, नसांच्या तपासण्या करायला लावल्या. सगळं ठीक निघालं.

"काहीच सापडलं नाही म्हणाले," बाई पडेल आवाजात म्हणाल्या.

"सुरुवातीला नाही सापडत कधी कधी," मास्तरनं जाणत्यासारखी मान हलवली. हे ज्ञान त्याला कुठून झालं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

लायसन्सच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी गाडी आपल्या घरासमोर उभी केली, न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"उद्या मी येत नाही. अरे, नातीला कडेवर घेणंसुद्धा सोडलंय मी. पंधरा दिवस झाले. पाय लटपटला आणि पडलीबिडली तर? ती हात वर करून उभी राहते आणि मी तिला खेळणं दाखवते. असल्या पायानं मी यांना गाडीत बसवू?"

इंजिन तसंच चालू ठेवून त्या उतरल्या आणि फाटक लावून आत गेल्या. मास्तर आपल्या जागी बसून राहिला. थोड्या वेळानं त्याला टकटक ऐकू आली. किल्लीला अडकवलेला पितळी बिल्ला थडथड हलत होता. शेजारची सीट रिकामी होती. क्लचवर कुणाचाही पाय नव्हता आणि गाडी मात्र मजेत थरथरत होती.

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. माझाच तर पाय नाही ना, म्हणून मास्तरनं दोन्ही पाय वर उचलले आणि सीटवर मांडी घातली. थरथर थांबेना. रस्त्यापलीकडच्या घरात झाडांना पाणी घालणारे गृहस्थ नळी बंद करून त्याच्याकडे बघत राहिले.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, क्षणभर कान दिला आणि आत कुठेतरी अंगठा दाबला. गाडी एकदम शांत. अंगठा काढला, की पुन्हा थरथर.

"हा रबरी पाइप निसटलाय. इथून नको ती हवा आत शिरते, मग उभ्या जागी इंजिन दम धरत नाही. एअर फिल्टर साफ करताना कुणीतरी काढलाय आणि परत लावायला विसरलाय. कुणाचं काम हे?"

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार मास्तरच्या डोळ्यांसमोर आला. तो स्वतः, हातात फडकं, आणि "गॅरेजवाल्यांना जमेल का असं?" म्हणून बायकोला हाक मारून दाखवलेला चकचकीत फिल्टर.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

"त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका."

"नाही," मास्तर म्हणाला. "म्हणजे, हो."

पाइप अर्ध्या मिनिटात बसला. परतताना प्रत्येक सिग्नलला गाडी इतकी गप्प उभी राहिली, की त्याला तिचा रागच आला. एका सिग्नलला बाईंचे बूट आठवले, पुढच्याला डॉक्टरांची हातोडी, त्याच्या पुढच्याला हात वर करून उभी असलेली नात. त्याला लाज वाटली, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. 'गाडीत जरासा बिघाड होता' एवढंच सांगून सुटावं, असं त्यानं ठरवलं होतं. पण बाईंनी दार उघडून नुसतं पाहिलं आणि तो चौथीत जाऊन पोहोचला.

"बाई, तुमचा पाय कधीच थरथरत नव्हता. गाडी थरथरत होती. आणि तो पाइप... मीच काढून ठेवला होता."

बाईंनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्या वळून आत गेल्या. आतून लहान मुलीच्या खिदळण्याचा आवाज आला आणि बाई नातीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. दारात त्या ताठ उभ्या राहिल्या. मग हळूच त्यांनी एक पाय उचलला. नातीसकट एका पायावर, मास्तरकडे रोखून बघत, त्यांनी सावकाश दहा आकडे मोजले. मास्तरनं मान खाली घातली.

"उद्या किती वाजता?"

"दहाला, बाई."

"ये. आणि वही आण. 'आधी गाडी तपासावी, मग माणूस.' शंभर वेळा. अक्षर नीट काढ."

दुसऱ्या दिवशी परीक्षा घेणारे साहेब गाडीतून उतरले ते खुशीतच. "पास! पाय काय स्थिर आहे हो यांचा! इतकं पक्कं कसं शिकवता तुम्ही?"

कट्ट्यावर बसलेल्या मास्तरचे कान पुन्हा लाल झाले. गाडीजवळ उभ्या राहून बाई त्याच्याकडेच बघत होत्या. त्यानं मान खाली घालून सदतिसावी ओळ लिहायला घेतली. अक्षर चांगलंच थरथरत होतं. सवयीनं त्यानं पेन डोळ्यांसमोर धरून निरखलं, जरा झटकलं, आणि मग मुकाट्यानं पुढं लिहू लागला.