खिशातली गांडुळं

मासे धरण्यात काय अवघड आहे हो? एका टोकाला गळ, दुसऱ्या टोकाला माणूस आणि मध्ये दोरी! हे मी एका मुलीला चहा पिता पिता अगदी छातीठोकपणे सांगितलं. "लहानपणापासून धरतोय," असंही वर ठोकून दिलं. खरं म्हणजे तोवर माझी आणि माशाची गाठ फक्त ताटात पडली होती. पण ती मुलगी मला मनापासून आवडली होती. तिच्या वडिलांना मासे धरायचा भयंकर नाद होता आणि त्यांच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नव्हती. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय!

दोन दिवसांत वडिलांचा निरोप आला. "रविवारी सकाळी सात वाजता तलावावर या. बास मासा धरायचाय. माणूस कसा आहे ते तिथेच बघतो."

वडील घड्याळं दुरुस्त करतात. पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे माणसांकडेही ते तसंच बघतात, एक डोळा बारीक करून, आत कुठलं चाक अडकलंय ते शोधत. बोलणं तर इतकं कमी की त्यांनी "या" म्हटलं तरी भाषण झाल्यासारखं वाटतं.

रविवारी त्यांनी माझ्या हातात एक काठी आणि ओल्या मातीने भरलेला डबा दिला. डब्यात गांडुळं होती. त्यांचा नियम एकच.

"आपल्या गळाला आमिष आपणच लावायचं. दुसऱ्याला सांगायचं नाही."

"छे छे काका, हे काय सांगायला हवं!" मी म्हणालो आणि एक जाडजूड गांडूळ उचललं.

आता तुम्हीच सांगा, त्या गांडुळाने माझ्या करंगळीला हळूच वेटोळं घातलं तर मी काय करायचं? रस्ता ओलांडताना लहान मूल बोट धरतं ना, अगदी तसं! एका हातात गळाचा आकडा, दुसऱ्या हातात हा जीव. मी डोळे मिटून बघितलं, तोंड फिरवून बघितलं, देवाचं नाव घेऊन बघितलं. नाही म्हणजे नाहीच जमलं. शेवटी काकांची पाठ वळलेली बघून मी ते जाकिटाच्या खिशात टाकलं आणि रिकामा गळ पाण्यात सोडला.

दहा मिनिटांनी काकांनी विचारलं, "काही?"

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी दोरी ओढली आणि म्हणालो, "काका, गांडूळ खाऊन गेला!"

"दुसरं लावा."

दुसरं खिशात गेलं. मग तिसरं. "पुन्हा खाल्लं!" मी दरवेळी ओरडायचो. काका दरवेळी मनगटावरच्या घड्याळात बघायचे. सहाव्या गांडुळाला ते उठले.

"माझ्याकडे तासाभरात एकदाही ओढ नाही. तुमच्याकडे दर दहा मिनिटांनी. तिथे मोठा मासा आहे."

असं म्हणून ते आपली खुर्ची घेऊन माझ्या शेजारी आले! हे बघून पलीकडचा बेकरीवाला आला. त्याच्या मागून गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ आले. दहा फुटांच्या काठावर चार काठ्या! दोऱ्यांचा असा गुंता झाला की बेकरीवाल्याने जोर लावून ओढला तो काकांचा गळ, आणि काकांनी ओढली ती शिकवणाऱ्या गृहस्थांची टोपी.

"तुम्ही तिकडे लव्हाळ्याजवळ बसा," काका मला म्हणाले. "तुम्हाला काय, कुठेही मिळेल."

मी कोपऱ्यात गेलो, जिवात जीव आला. खिशातली मंडळी मात्र आता वाढली होती आणि अस्वस्थही झाली होती. त्यातलं एक अस्तरातून वाट काढून कमरेपर्यंत पोचलं. मला गुदगुल्या होऊ लागल्या. हसावं तर काका बघणार, म्हणून मी ओठ चावत, कमरेतून वाकडा होत बसलो. त्या धडपडीत काठी हिसकली गेली, पाण्यात रिकामा गळ चमकला आणि धाडकन ओढ बसली!

मासा निघाला! हिरवट, हातभर लांब, हे एवढं तोंड! "काका!" मी बोंब मारली. "बास! बास!"

सगळे धावत आले. काकांनी हात ओला केला, माशाचा खालचा जबडा चिमटीत धरला आणि एक डोळा बारीक करून त्याच्या तोंडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गांडूळ कुठाय?"

"खाल्लं असेल."

"कुणी?"

तेवढ्यात माझ्या खिशाचं झाकण आपोआप वर झालं.

काकांनी एकेक करून अकरा गांडुळं बाहेर काढली. बेकरीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे आम्ही दोन तास या डबक्याकाठी बसलो ते..." पुढचं त्याने मनातच म्हटलं. काकांनी माशाचा गळ काढून त्याला पाण्यात सोडून दिलं.

"फसवून धरलेला मासा मी घरी नेत नाही."

"काका, गांडूळ लावून धरला असता तरी फसवणूकच झाली असती ना?" मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. काकांनी काठ्या आवरल्या. मी डबा घेऊन मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेलो. माझं लग्न त्या तलावात बुडालं, हे मला पक्कं कळलं आणि खरंच रडू यायला लागलं.

तिनेच दार उघडलं. काका चपला काढत म्हणाले, "हा मुलगा खोटं बोलतो."

मी परत जायला वळलो.

"पण त्याला ते जमत नाही. सातला सुरू केलं, दहा वाजून दहा मिनिटांनी सापडला. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं. माझा होकार आहे."

मी काकांच्या पाया पडायला वाकलो, तर ती म्हणाली, "दहापर्यंत टिकला? मला वाटलं आठलाच सापडेल! अहो बाबा, तो पट्टीचा पोहणारा आहे असंही मला सांगत होता. आज तलावात पडला नाही, हे नशीब!"

काकांनी डोळा बारीक केला. "पोहता येत नाही?"

"तसं काही नाही काका," मी ताठ उभा राहून म्हणालो. "येतं की चांगलं!"

बाप आणि लेक, दोघांनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं.