कडेनं धरणारे आमदार

घेवरशेठ हात मिळवताना समोरच्याचा तळवा धरत नसत. दोन बोटांच्या चिमटीत ते त्याचा हात कडेनं उचलत, क्षणभर उजेडाकडे वळवत आणि हळूच होता तिथं ठेवून देत. पहिल्यांदा भेटलेल्याला वाटे, हे आपला हात विकत घेणार आहेत की काय.

तसं वाटण्यात फारशी चूक नव्हती. धुळ्याच्या सराफ बाजारात त्यांचा जुन्या नाण्यांचा धंदा होता, आणि नाणं कडेनंच धरायचं असतं. तळव्याचा घाम लागला की तांब्यावर डाग पडतो. पुढं ते निवडणुकीला उभे राहिले तेव्हा विरोधकांनी गावोगाव उठवलं, की शेठला मतदाराच्या हाताची किळस येते. शेठनी सभेत उत्तर दिलं, "किळस कसली? माझा घाम तुम्हाला लागू नये म्हणून जपतो." टाळ्या पडल्या. असं खरं बोलूनही टाळ्या मिळवणारा उमेदवार मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि त्यांच्या दुकानावरच्या माडीत भाड्यानं राहायचो. शाळा सुटली की तासभर त्यांच्या गादीवर बसायचं, हा माझा नेम. दुकानात एक भिंग, एक लोखंडी कपाट आणि एक काळा दगड. कुणी नाणं आणलं की शेठ ते दगडावर टाकून डोळे मिटत.

"आवाज ऐका, मास्तर. हा दिल्लीच्या बादशहाचा." मग दुसरं टाकत. "आणि हा मागच्या गल्लीतल्या सोनाराचा."

माणसांनाही ते असंच ऐकत. कुणी पुढारी बोलून गेला की म्हणत, "वजन बरोबर आहे, पण आवाज बसका."

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे 'घासू नका'. नांगराला नाणं लागलं, की शेतकरी ते आधी चिंच आणि राख लावून लखलखीत करायचा आणि मग मोठ्या आशेनं शेठकडे आणायचा. शेठ त्याच्याकडे प्रेत पाहावं तसं पाहत. "मारलंस रे भाऊ! तीनशे वर्षं ते जमिनीत बसून काळंहिरवं झालं. ती त्याची अब्रू. तू ती घासून नाण्याची वाटी करून आणलीस." आपल्या घरातला तांब्यासुद्धा ते घासू देत नसत. त्यांच्याकडे पाणी पिताना आपण कुठल्या शतकातलं पाणी पितो आहोत हे कळत नसे.

दुकानातलं सगळं विकाऊ होतं, एक लाकडी पेटी सोडून. तिच्या उथळ खणांत कागदी पाकिटं ओळीनं उभी होती आणि प्रत्येक पाकिटात एक नाणं. मुंबईचे गिऱ्हाईक तिच्यासाठी मोटारीनं यायचे, चहा पिऊन परत जायचे. "ती भाभीची पेटी," एवढंच शेठ सांगत. सुगनभाभी म्हणजे त्यांची बायको. शेठ बाजार फिरून आले की नाणी पाकिटात घालून वर लिहायचं काम तिचं. शेठचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. मी त्या घरात राहायला आलो त्याच वर्षी ती वारली. गाव म्हणे, पेटीत लाखाचा माल आहे. मीही तेच समजत होतो.

ते आमदार कसे झाले, तर कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं म्हणून. पक्षात दोन गट होते. एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना. शेवटी दोघांनाही निरुपद्रवी वाटेल असा तिसरा शोधायचं ठरलं आणि सगळ्यांचं बोट एकाच वेळी शेठकडे वळलं. हा गृहस्थ दिवसभर मेलेल्या राजांत बसलेला, याच्यापासून जिवंत माणसाला काय धोका?

शेठनी प्रचारात एकच भाषण केलं, गावोगाव तेच. खिशातून ॲल्युमिनियमचा पैसा काढून ते ध्वनिक्षेपकापुढं टेबलावर टाकत. "आला आवाज? नाही ना? ज्या राज्याच्या पैशाला आवाज नाही, तिथं तुमचा आवाज कोण ऐकणार?" ते सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, हे कार्यकर्त्यांच्या लक्षात यायला तीन सभा लागल्या. तोवर मतदारांना ते आवडलं होतं.

विधानसभेत त्यांनी पुष्कळ वेळा हात वर केला आणि एकदाच तोंड उघडलं. धुळ्याला एक वस्तुसंग्रहालय द्या, म्हणाले. मंत्र्यांनी बाब विचाराधीन असल्याचं सांगितलं. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "मातीचा गोळा दिला हातात. आत नाणं आहे की खडा, ते धुतल्यावर कळेल."

दोन पावसाळ्यांनी तो गोळा धुऊन निघाला. आत एक खोली होती. नगरपालिकेच्या आवारात, आगीच्या बंबाच्या शेजारी, पूर्वी जकातीच्या पावत्या ठेवायचे ती. मंत्री स्वतः उद्घाटनाला येणार होते. पण नव्या संग्रहालयात वस्तूच नव्हती, आणि रिकाम्या खोलीचं उद्घाटन करण्याइतके मंत्री तेव्हा सरावलेले नव्हते.

"शेठ, तुमनी पेटी द्या ना," भास्करभाऊ म्हणाला. भास्करभाऊ हा शेठचा मुख्य कार्यकर्ता. हार, मंडप, घोषणा आणि उत्साह हे त्याचे विभाग.

शेठनी पेटी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, "एका दिवसापुरती. संध्याकाळी घरी परत. आणि हे बघ, प्रत्येक नाण्याखाली त्याचं पाकीट ठेवायचं. नाणं आणि पाकीट वेगळं करायचं नसतं. एकदा तुटलं की ते नाणं अनाथ."

"तुम्ही चिंता करू नका!" भास्करभाऊ म्हणाला. हे वाक्य ऐकून मला तेव्हाच चिंता वाटायला हवी होती.

उद्घाटनाच्या सकाळी शेठ विश्रामगृहावर मंत्र्यांची वाट पाहत उभे राहिले. मी माडीवर राजांची नावं सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यांवर लिहीत बसलो. नऊला येणारे मंत्री अकराला आले. देशाचा नाश वेळ न पाळल्यानं होतो असं मी मुलांना शिकवत असे. एका पेटीचा कसा होतो, ते मी पुठ्ठे घेऊन खोलीत शिरलो तेव्हा पाहिलं.

काचेखाली लाल मखमलीवर नाणी सूर्यासारखी तळपत होती. चिंचेचा वास अजून खोलीत होता. भास्करभाऊच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या.

"देखा मास्तर, बठ्ठं चकाचक शे! काळंमिट्ट होतं हो. मंत्री काय म्हणतील, आमच्या शेठनी भंगार मांडलं? दोन तास गावले, आठ पोरं बसवली."

मला बोलायला वेळ मिळाला नाही. बाहेर बँड सुरू झाला.

मंत्र्यांनी फीत कापली, काचेवर ओणवे झाले आणि खूश झाले. "वा! जणू कालच पाडलीत!" मग भास्करभाऊच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इतिहास असा जिवंत ठेवला पाहिजे."

मी शेठकडे पाहत होतो. आता हा माणूस मंत्र्यांदेखत कोसळणार, असं मला वाटलं. ते काचेजवळ गेले, एक ओळ पाहिली, दुसरी पाहिली. मग अगदी हळू विचारलं, "भास्कर, पाकिटं?"

"कोणती पाकिटं?"

"कागदाची."

"ती जुनीपुराणी? फाटेल होती शेठ बरीच. हारांच्या कचऱ्यासंगे मागं टाकी दिनी."

शेठ मागच्या दारानं बाहेर गेले. मीही गेलो. नगरपालिकेच्या मागं नगरपालिकेचाच उकिरडा होता. पांढरं धोतर, काळा लांब कोट आणि टोपी घातलेले आमदार त्यात उतरले आणि केळीच्या साली, झेंडूची देठं, चहाचा चोथा दोन्ही हातांनी, भरल्या तळव्यांनी उपसू लागले. मीही वाकलो. दहाअकरा पाकिटं हाती आली असतील, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आमदार साफसफाई करताहेत!"

मग जे व्हायचं ते झालं. भास्करभाऊ पालिकेच्या कोठीतले सगळे झाडू घेऊन धावत आला. मंत्र्यांनी एक हातात घेतला. स्थानिक साप्ताहिकाच्या छायाचित्रकारानं त्यांना दोनदा उभं केलं. "थांबा, थांबा," शेठ म्हणत होते, पण घोषणांत त्यांचा आवाज बुडाला. पंचवीस उत्साही माणसांनी पाव तासात तो उकिरडा झाडून गाडीत भरला आणि गाडी गेली. तितकी स्वच्छ जागा त्या आवारात मी पुन्हा पाहिली नाही. शुक्रवारी छायाचित्र छापून आलं: आमदारांची आगळी मोहीम.

नाणी शेठनी परत मागितली नाहीत. "राहू द्या तिथंच," म्हणाले. भास्करभाऊला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्याला आजही वाटतं, की ती त्याची सगळ्यात चांगली कामगिरी.

त्या रविवारी मी दुकानात गेलो तर गादीवर अकरा पाकिटं मांडली होती. उकिरड्यातून हाती लागलेली तेवढीच. धुऊन, वाळवून, सपाट केलेली. मी एक उचललं, नकळत कडेनंच. वर शाईत बारीक, गोल अक्षर होतं: 'दोंडाईचा. तांब्याचं एक. उन्हातून आले, पाय सुजलेले. दूध घेतलं, जेवले नाहीत.' दुसऱ्यावर: 'साक्री. चांदीचं. फसवून घेतलंय, म्हणून गप्प आहेत. मी विचारणार नाही.'

"यावर राजाचं नाव नाही, शेठ."

"राजाचं तुम्ही लिहिता, मास्तर. ती माझं लिहायची." त्यांनी चष्मा पुसला. "आणि मला माहीतच नव्हतं. ती होती तोवर नाणं काढून बघायचो, पाकीट पालथं टाकायचो. ती गेल्यावर एकदा सहज सुलट केलं. मग आठवड्याला एक वाचायचो. एकच. लवकर संपू नयेत म्हणून."

मी हातातलं पाकीट परत ओळीत ठेवलं. बाहेर अर्जवाल्यांची रांग लागली होती. भास्करभाऊ त्यांना ओरडून ओळीत उभं करत होता.

"यातली नऊ मी आधी वाचलेलीच निघाली," शेठ म्हणाले. "दोन नाहीत."

ती दोन त्यांनी बाजूला पालथी ठेवली होती.

"वाचा ना मग," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही पाकिटं उचलली, न पाहता रिकाम्या पेटीच्या खणात सरकवली आणि खण लावून घेतला.

"आज नको," म्हणाले, आणि पहिल्या अर्जवाल्याला हाक मारली.