सर्वांत कमी साखर मंजूर

विषय : सकाळच्या चहात एक चमचा साखर पूर्ववत सुरू करणेबाबत.
संदर्भ : १) डॉक्टरीणबाईंचा सल्ला. २) पत्नीचा तोंडी, परंतु अंतिम आदेश.

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझी उपाशीपोटीची साखर एकशे शहाऐंशी निघाली. त्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. पत्नी माझ्याहून वीतभर बुटकी, तरी तिचा हात तिथे पोहोचतो आणि माझा पोहोचत नाही. याला अधिकार म्हणतात. आकडा एकशे तीसच्या आत आला, की एक चमचा साखर परत मिळेल, असे तिने जाहीर केले.

मी पस्तीस वर्षे खरेदी शाखेत कारकून होतो. टाचणीची डबी घ्यायची तरी तीन कोटेशने मागवायची आणि सर्वांत कमी असेल ते मंजूर करायचे, हे माझ्या रक्तात भिनलेले. (त्या रक्तात आणखी काय भिनले होते, ते नंतर कळले.) तेव्हा एकाच प्रयोगशाळेच्या आकड्यावर विसंबून राहणे मला नियमबाह्य वाटले. डॉक्टरीणबाईंकडे जाण्यापूर्वी आणखी दोन ठिकाणी रक्त देऊन आलो. दुसरीकडे एकशे एकोणऐंशी आले. तिसरीकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मी दोन तास चाललो आणि नुसत्या काकड्या खाल्ल्या. तिथे एकशे अडतीस आले. तुलनात्मक तक्ता केला, तिसरा अहवाल मंजूर केला आणि तेवढाच घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वर्गातली. त्यामुळे मी तिला अहोजाहो करतो आणि ती मला काका म्हणून रागावते. आकडा पाहून तिने अर्धी गोळी दिली आणि चालायला सांगितले. लक्ष्य आता आठच आकड्यांवर आले म्हणून मी खुशीत होतो. चालण्याचे मात्र, लक्ष्य इतके जवळ आले असताना, काही कारण दिसेना.

दीड महिन्यात मी दिवसाला दोन घागरी पाणी पिऊ लागलो. वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली. छपाई बिघडली आहे, असे मी संपादकांना कळवलेसुद्धा. पत्नीच्या वडिलांचे डोळे याच दुखण्यात गेले होते. तिने मला रिक्षात घातले आणि दवाखान्यात नेले.

"काका, जुने अहवाल आणलेत?" डॉक्टरीणबाईने विचारले.

इथे माझा अभिमान आडवा आला. असा प्रश्न मला कोणी विचारावा, याची मी निवृत्तीपासून वाट पाहत होतो. टॅग लावलेली, पृष्ठांकन केलेली, अनुक्रमणिकेसह संपूर्ण फाइल मी तिच्यापुढे ठेवली. नामंजूर कोटेशने फाडायची नसतात, ती फाइलला लावून ठेवायची असतात. पस्तीस वर्षांत माझ्या फाइलवर एकही आक्षेप आला नव्हता.

तिने पान एक वाचले. पान दोन वाचले. दोन्हींवर लाल शाईत, माझ्या वळणदार अक्षरात, 'नामंजूर' लिहिले होते. पान चारवर तक्ता होता, खाली सही आणि तारीख.

"हे कोणी नामंजूर केलं?"

"सर्वांत कमी तेच घ्यायचं असतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

पत्नीने फाइल ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. तिने माझी फाइल पूर्ण वाचण्याची ही पहिलीच वेळ.

"अहो, डोळे तुमचे आहेत," ती हळूच म्हणाली. "खात्याचे नव्हेत."

पस्तीस वर्षांत इतका मुद्देसूद शेरा माझ्यावर कोणी मारला नव्हता. मी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईने गोळी पूर्ण केली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. आदल्या दिवशीची काकडी तिथे चालत नाही म्हणे.

त्यानंतरचे तीन महिने मी रोज पाऊण तास चाललो. भात मोजून खाल्ला. मुलीच्या घरी समोर आलेला केक तीनदा परत केला (तिसऱ्यांदा थोडा उशिराने). एकाच प्रयोगशाळेत, एकदाच रक्त दिले. उपाशीपोटी एकशे एकवीस. सरासरीही डॉक्टरीणबाईने मान डोलवावी अशी. अक्षरे पूर्वीसारखी स्वच्छ दिसू लागली. नोकरीत दोन पदोन्नत्या मिळाल्या, पण तेव्हा छाती इतकी फुगली नव्हती. अहवाल घेऊन मी दोन मजले न थांबता चढलो.

दारातच पत्नीचा आवाज ऐकू आला; डॉक्टरीणबाईने आकडा तिला आधीच फोनवर कळवला होता. ती फोनवर बहिणीला अभिमानाने सांगत होती, "एकशे एकवीस. आणली मी खाली."

त्याच दिवशी मी विहित नमुन्यात अर्ज केला, सोबत अहवालाची प्रत जोडली. तिने तो वाचला, प्रत काढून कपाटात जपून ठेवली, अर्जाच्या मागे प्लंबरचा नंबर लिहिला आणि तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला.

या गोष्टीला बावीस दिवस झाले. प्लंबर येऊन गेला. अर्ज प्रलंबित आहे.