अमृताचं शिबिर

दुबलगुंडीच्या शाळेत ‘आईचे दूध हेच अमृत’ या विषयावर दिवसभराचं शिबिर ठरलं आणि अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक बाईला हजर राहण्याची सक्त सूचना गेली. नागूबाई चार महिन्यांचा लेक कडेवर घेऊन वेळेआधीच पोचली. दारातच शिपाई गुंडाप्पा आडवा आला.

“अक्का, लेकरू आत न्यायचं न्हाई.”

“कामून? त्याच्याच दुधासाठी बोलावलाव की!”

“व्हय, पण लेकरं रडली तर भाषण ऐकू कसं येईल? बाई गुलबर्ग्याहून आल्यात.”

लेकरं व्हरांड्यात सतरंजीवर ठेवली गेली आणि भुकेनं रडू लागली. गुंडाप्पा मायाळू माणूस. त्यानं चहाच्या दुधात रांजणातलं पाणी वाढवलं, कुठून तरी एक बाटली पैदा केली आणि ओळीनं सगळ्यांना पाजली. बाटलीचं रबरी बोंड खाली पडलं, की तो ते सदऱ्याला पुसून घेई. स्वच्छतेच्या बाबतीत तो फार कडक होता.

आत बाई सांगत होत्या, बाटलीनं जुलाब होतात. लेकराचं रडणं ऐकून नागूबाईला पान्हा फुटला, पदर भिजला. ती उठली, तर बाईंनी दटावलं, “बसा खाली! पाजण्याचं महत्त्व अजून सांगून झालेलं नाही.”

दिवेलागणीला लेकराला पाण्यासारखे जुलाब लागले. डोळे खोल गेले. “आता दूध तोड त्याचं,” शेजारीण म्हणाली; नागूबाईनं ऐकलं नाही. हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं, तिथंही छातीवेगळं केलं नाही. लेकरू वाचलं.

मग चौकशी झाली. शिबिराला आलेल्या मातांच्याच बाळांना जुलाब झाले, त्या अर्थी मातांनी भाषण नीट ऐकलं नव्हतं. म्हणून पुढचं शिबिर दोन दिवसांचं मंजूर झालं. बाटल्याही दोन.

या खेपेला नागूबाई शाळेपर्यंत गेली, आत गेली नाही. लिंबाखाली पाठमोरी बसून तिनं लेकराला पदराखाली घेतलं.

“अक्का, आत चला, फोटो काढायलेत!” गुंडाप्पा कळवळला.

“काढू दे की. माझं लेकरू जेवायलंय.”

फोटो पेपरात आला. खिडकीतून माना डोलावताना दिसणाऱ्या बायका, आणि बाहेर एकटीची पाठ. खाली छापलं होतं: ‘आईच्या दुधाचे महत्त्व ऐकण्यासही तयार नसलेली माता.’

तुम्हीही तो पाहिलात. “यांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी,” असं म्हणून हळहळलात. तेवढ्यात आत नातू रडला, तेव्हा तुम्हीच सुनेला हाक मारलीत, “अगं, पाहुणे बसलेत. आधी चहा टाक, त्याला बाटली दे.”