अंगठा लावा, शाबासकी मिळवा

कौतुक कसं करावं हे मला कुणी शिकवू नये! आमच्या कंपनीत कुणाला बढती मिळो, कुणाची लेक पास होवो, ग्रुपवर पहिलं 'वेल डिझर्व्ड' माझंच पडतं. नुसतं 'काँग्रॅट्स' मी कुणाला म्हणत नाही. ते कुणीही म्हणतं! 'वेल डिझर्व्ड' म्हणजे हे तुम्ही कमावलंय, फुकट मिळालेलं नाही आणि मी ते पाहिलंय. दोन शब्दांत केवढं काम!

मराठीत हे जमत नाही हो. आपलं कौतुक 'बरं झालंय'पासून सुरू होतं आणि 'वाईट नाही'ला संपतं. समोरच्याला तोंडावर 'तुम्ही फार चांगलं काम करता' म्हणायचं तर घशात औषधाची गोळी अडकल्यासारखं होतं. इंग्रजीत मात्र झटकन निघतं, दुसऱ्याच्या खिशातून खर्च केल्यासारखं.

मी पंपदुरुस्तीच्या कंपनीत हजेरी सांभाळतो. सगळे मला मस्टरकाका म्हणतात. माझ्या टेबलाशी येणाऱ्याचा प्रश्न एकच, "काका, आज लेट लागला का?" लागला म्हटलं तर तोंड वाकडं करून जातात, नाही म्हटलं तर नुसतेच जातात. घरी तर तेवढंही नाही. सौभाग्यवती नातवाला सांभाळायला लेकीकडे दोन महिन्यांसाठी गेल्या. नातू आता पळायला लागलाय, त्या अजून तिथेच आहेत. रोज फोन येतो. 'गॅस बंद केलात का?' झालं, ठेवला फोन! एरवी घरात आवाज फ्रिजचा.

नाही म्हणायला आमच्या टायपिस्टबाई. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलावरून जाताना विचारतात, "काका, जेवलात का?" मी 'हो' म्हणतो. त्या जातात. मी जेवलेलो असतो असं नाही. पण दिवसभरात खुद्द माझ्याबद्दल विचारलेला तो एकमेव प्रश्न असतो आणि सकाळपासून मी त्याची वाट बघत असतो.

तर आमच्याकडे हजेरीचं नवं यंत्र आलं. अंगठा लावला की 'थँक यू' म्हणणारं. बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "काका, 'थँक यू'च्या जागी तुमच्या आवाजात काहीही टाकता येतं. प्रत्येकाला वेगळं!"

माझ्या डोक्यात दिवाच पेटला! प्रत्येकाला रोज सकाळी त्याच्या लायकीचं कौतुक! सरसकट नाही, हं. ज्याचं जेवढं, त्याला तेवढं. साहेबांनी मान डोलावली आणि मी रविवारी घरी मोबाइल तोंडाशी धरून बसलो.

साहेबांसाठी म्हटलं, "सर, दिस ऑफिस रन्स बिकॉज ऑफ यू! टेक अ बो!" रात्रपाळीच्या रखवालदारासाठी, "हॅट्स ऑफ! यू नेव्हर स्लीप ऑन ड्यूटी!" स्टोअरकीपरपाशी मात्र अडलो. त्या गृहस्थाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तिथे स्टोअरमधला नट काय सापडणार! शेवटी "गुड एफर्ट! कीप ट्रायिंग!" वर भागवलं. टायपिस्टबाईंची ओळ दहादा म्हटली. "नोबडी डिझर्व्हज इट मोअर दॅन यू, मॅडम!" आवाजात कंप नको आणि ओलावा हवा, असं जमेपर्यंत.

इतक्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे.

"पाहुणे आलेत वाटतं? मघापासून तुम्ही कुणाला तरी 'हॅट्स ऑफ, हॅट्स ऑफ' म्हणताय."

"छे हो, एकटाच आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावरून रिकाम्या खोलीत पाहिलं, "बरं, बरं" म्हणाले आणि लगबगीने जिना उतरले. पण खरं सांगतो, मजा आली. कित्येक महिन्यांत रविवारी मी एवढा बोललो नव्हतो.

शेवटी उरलो मी. स्वतःच्या आवाजात स्वतःचीच पाठ थोपटायची? लाज वाटली. माझी जागा कोरी ठेवली. म्हटलं, एवढं सगळं ऐकल्यावर कुणीतरी आपणहून म्हणेलच की, 'काका, वेल डिझर्व्ड!'

सोमवारी मेकॅनिकने ओळी यंत्रात भरल्या आणि मी दाराशी नव्या बुशशर्टात उभा राहिलो.

पहिला आला रखवालदार, पाळी संपवून घरी निघालेला. झुपकेदार मिशा, खांदे दारात न मावणारे. अंगठा लावला. यंत्र माझ्या आवाजात गोड म्हणालं, "नोबडी डिझर्व्हज इट मोअर दॅन यू, मॅडम!"

"मॅडम?" रखवालदार माझ्याकडे वळला. "काका, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

मी काही बोलणार, तोच साहेबांचा ड्रायव्हर आला. "सर, दिस ऑफिस रन्स बिकॉज ऑफ यू! टेक अ बो!" ड्रायव्हरने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि तडक पाहुण्यांच्या सोफ्यावर जाऊन बसला. "मला संशय होताच," म्हणाला. "आज कळलं!"

 एवढ्यात दारात साहेब, आणि सोबत मोठं गिऱ्हाईक! साहेब कौतुकाने सांगत होते, "आमच्याकडे स्टाफची कदर होते. बघाच आता!" साहेबांनी अंगठा लावला.

"हॅट्स ऑफ! यू नेव्हर स्लीप ऑन ड्यूटी!"

आता, दुपारच्या सुट्टीनंतर साहेबांच्या केबिनमधून जो घुर्रघुर्र आवाज येतो तो पंपाचा नाही, हे अख्ख्या कंपनीला ठाऊक आहे. सगळे जमिनीकडे बघू लागले. साहेबांना वाटलं, यंत्र चुकलं. त्यांनी परत अंगठा लावला. यंत्राने परत ऐकवलं! गिऱ्हाईक इतकं हसलं, की त्याला पाणी आणून द्यावं लागलं.

"मस्टरकाका! केबिनमध्ये या!"

चूक माझीच होती. ओळी नंबरवार भरायच्या होत्या आणि नंबर मी जुन्या मस्टरवरून घातले. त्यात नंबर नोकरीला लागल्याच्या क्रमाने, सगळ्यात वर कॅशियर, जे गेल्याच महिन्यात निवृत्त झाले. यंत्रात त्यांचं नाव नव्हतंच, त्यामुळे प्रत्येक जण एकेक घर वर सरकला आणि ज्याला त्याला वरच्याचं कौतुक मिळालं. आयुष्यभर इतरांच्या हजेरीतल्या चुका काढणारा मी! साहेबांनी फार काही सुनावलं नाही. "उद्यापासून सगळ्यांना 'थँक यू'," एवढंच म्हणाले. डोळे मात्र लाल होते, आणि ते झोपेने नव्हते.

बाहेर आल्यावर मला एकदम आठवलं, की माझ्या खालचा नंबर टायपिस्टबाईंचा! म्हणजे त्यांनी अंगठा लावला तेव्हा...

काहीच वाजलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्या अंगठा लावून उभ्या राहिल्या होत्या, यंत्र गप्प राहिलं होतं, आणि मी तेव्हा केबिनमध्ये बोलणी खात होतो.

दुपारी त्या डबा घेऊन माझ्या टेबलावरून गेल्या. काही न विचारता.

त्या दिवसात काय काय ऐकलं, पण हे न ऐकलेलं सगळ्यात जास्त लागलं. मी उठून मागे धावलो.

"बाई, अहो, तुमची ओळ सगळ्यात चांगली होती! ती रखवालदाराला गेली! नोबडी डिझर्व्हज इट..."

"मराठीत सांगा, काका."

घशात गोळी अडकली. तरी म्हटलं, "तुम्ही... तुम्ही चांगल्या आहात. तुम्ही विचारता म्हणून मला दुपार झालेली कळते."

त्यांनी विचारलं, "मग मला जे मिळालं, ते कुणासाठी होतं? ते काहीच वाजलं नाही, ते?"

"माझ्यासाठी."

 त्या हळूच म्हणाल्या, "काका, जेवलात का?"

मी पहिल्यांदाच खरं बोललो. "नाही."

"मग जेवा की!" म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच उत्साहात संध्याकाळी मी सौभाग्यवतींना फोनवर म्हटलं, "यू आर वन इन अ मिलियन!"  पलीकडून घाबरा आवाज, "अहो, ताप आलाय का? गॅस बंद केलात ना?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सगळ्या ओळी पुसल्या. आता सगळ्यांना 'थँक यू'. मी अंगठा लावला, तर यंत्र माझ्याच आवाजात म्हणालं, "गुड एफर्ट! कीप ट्रायिंग!" स्टोअरकीपरची ओळ! माझ्या वरचा नंबर त्याचाच, आणि काल गडबडीत मी अंगठा लावलाच नव्हता.

"अरेच्चा, एक राहिली," मेकॅनिक म्हणाला. "काढून टाकू?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "राहू दे रे. कुणाला त्रास आहे?"

तेव्हापासून रोज येताना एकदा आणि जाताना एकदा कुणीतरी माझी पाठ थोपटतं. मी हळूच 'थँक यू' म्हणतो. छान चाललंय.

फक्त रविवारी यंत्र बंद असतं, तेवढी जरा पंचाईत होते.